दोन्हीकडून लिहिलेली वही

आमच्या मंडळीची वही एकच.
समोरून उघडली की बाप्तिस्मे,
उलटी करून मागून उघडली की मयती.
मधली कोरी पानं दरसाल कमी होतात.
एकदा मोजली होती मी, एकेचाळीस निघाली.
कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबरचा पहिला रविवार.
बांध्यांत धान कापून पडलेलं.
बायका तशाच आल्या, विळे पायरीशी ठेवून,
एकावर एक.
वैनगंगेवरून वारा सुटलेला, मेणबत्त्या उभ्या राहीनात,
तेव्हा शिमोन कुमरेनं घरून पायली आणली
नव्या धानानं भरून,
आणि त्यात खोचल्या.
आठ नावं, आठ मेणबत्त्या.

मी वाचतो.
बाहेर कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर
शिमोनचा पोरगा दर नावाला एक टोला देतो.
एलियाजर टेंभुर्णे.
(याच्याकडं माझे दोनशे रुपये होते. असू देत.)
सुवार्ताबाई गेडाम.
नथानेल मास्तर, ज्यांना गाण्याचा सूर
आयुष्यात एकदाही सापडला नाही
आणि जे सगळ्यांत मोठ्यानं गात.
आठवं नाव ताबीथा मडावी, सुईण.
इथं मी खाकरलो. पाणी प्यालो.

त्या साली पूर होता. पाळक नदीपलीकडं.
सुलभा उईकेला सातव्या महिन्यात मुलगी झाली,
श्वास मोजता येतील एवढेच.
ताबीथानं चुलीवरच्या गुंडातलं कोमट पाणी घेतलं,
तीनदा ओंजळीनं,
"बापाच्या, लेकाच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं
तुले पाणी लावतो, माय."
नाव विचारायला सुलभा शुद्धीत नव्हती.
जे ओठांवर आलं ते ठेवलं.

पुढच्या बाजारात, भाजीच्या पालाआड,
तिनं मला ते नाव सांगितलं.
"लिवान का जी गुरुजी?"
म्हटलं, पाळक नव्हते, साक्षीदार नव्हता,
आणि लिहू तर कोणत्या बाजूनं लिहू?
ती म्हणाली, "दोन्हीकून लिवा."
मी हसलो होतो.
ते हसणं अजून पालाआड तसंच उभं आहे.

काल रात्री वही काढली.
समोरून, दोन ओळींच्या फटीत, बारीक अक्षरात.
मग उलटी केली, मागून.
पाळकांनी सकाळी पाहिलं, बोट ठेवलं,
"शाई वाळू द्या" म्हणाले, आणि झगा चढवायला गेले.

तर नववं नाव.
सलोमी उईके. वय अर्धा तास.

टोला नाही.
पोरानं आठ मोजून हातोडी खाली ठेवलेली.
कुणीतरी खोकलं. सुलभानं मान वर केली नाही,
मांडीवरच्या पोराचं टोपडं
सोडलं, बांधलं, परत सोडलं.
मग बाहेर पळण्याचा आवाज,
आणि टोला पडला, इतका जोरात
की विळ्यांजवळची कोंबडी फडफडली.

आज बाप्तिस्मा त्याच मांडीवरच्या पोराचा.
पितळी गंगाळात हापशीचं पाणी.
सुलभानं आधी स्वतःचा हात बुडवला.
"थंड हाय जी."
एवढंच.
पाळक काही म्हणाले नाहीत. कुणीच काही म्हणालं नाही.
शिमोनची बायको गंगाळ उचलून घरी गेली,
आणि आख्खी मंडळी थांबली, पाळक झग्यात,
मी वही पोटाशी धरून, आठ मेणबत्त्या धानात कलंडत,
एका चुलीवर पाणी तापेपर्यंत.

पोरगं रडलं नाही. जांभई दिली.
नाव ठेवलं हनोख.
ते मी समोरून लिहिलं, ठळक.

पायलीतलं धान सुलभाला दिलं.
परवा हापशीवर भेटली.
म्हणाली, "गुरुजी, भातात मेण लागते,
दाताखाली,"
आणि घागर भरत राहिली.